सुषमाच्या वाक्यांतला हेमराज

उधना, सुरत
दि. १८ ऑगस्ट १९९६

प्रिय हेमराज यास नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तू तिकडे बरा असशीलच, नंदुरबारचं पाणी तुला पहिल्यापासून मानवतं. प्रमिलावहिनींना नमस्कार सांग. दुकान कसं चाललंय? आमच्याकडे येत्या रविवारी कानबाई देवी बसायची आहे. नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडणं चालू आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये काम तेच. अजून माल रवाना करण्यावरच आहे. रंगून आलेला एकेक तागा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय टेम्पोत चढत नाही. शेठ परवा म्हणाला, "वाल्मिक, तू तो सगे बाप पर भी शक करेगा." मी म्हणालो, "शेठ, बाप टेम्पो नहीं चलाता." सगळे हसले. मी गमतीनं म्हणालो नव्हतो.

बाकी विशेष काही नाही. सुषमा इंग्लिशच्या क्लासला जाते. मागच्या गल्लीत बँकेतल्या साहेबांच्या बायको आहेत, गौरी मॅडम. त्या दुपारी चाळीतल्या बायकांना शिकवतात. मी जाऊ नको म्हणालो नाही. चार दिवस बोललो नाही, एवढंच.

त्या मॅडम व्याकरण शिकवत नाहीत. रोजच्या बोलण्यातले जोडशब्द शिकवतात. बिकॉज ऑफ, इन्स्टेड ऑफ, इन स्पाइट ऑफ, अकॉर्डिंग टू. दोन-तीन शब्द मिळून एकच अर्थ. असले थोडे जोड जिभेवर बसले की बाई दवाखान्यात, शाळेत, बाजारात कुठे अडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची वाक्यं करून घरी मोठ्यानं म्हणायची, हा अभ्यास. सुषमा भाकरी थापताना म्हणते. मी बाहेर पेपर घेऊन बसतो. पेपर वाचत नाही.

हेमराज, ती तुझं नाव घेते.

आडून आडून लिहिणार होतो, पण जमत नाही. ऐक. "बिकॉज ऑफ हेमराज आय केम टू सुरत." हेमराजमुळे मी सुरतला आले. मी म्हटलं, ठीक आहे, स्थळ तूच सुचवलं होतंस. मग आलं, "अकॉर्डिंग टू हेमराज आय नो नथिंग." हेमराजच्या मते मला काही कळत नाही. तू तिला असं कधी म्हणालास? आणि "इन स्पाइट ऑफ हेमराज आय ॲम लर्निंग." म्हणजे हेमराजला नको असतानाही मी शिकते आहे. माझ्या बायकोनं शिकावं की नाही हे ठरवणारा तू कोण?

हेही मी गिळलं असतं. पण बुधवारी ती म्हणाली, "अलाँग विथ हेमराज आय एट भजिया ॲट डुमस." हेमराजसोबत मी डुमसला भजी खाल्ली. आणि हे म्हणताना आवाज कसा होता ते मी कागदावर लिहू शकत नाही. तिनं डुमसचा समुद्र पाहिलेला नाही. मी तिला कधी नेलंच नाही, मग कोणी नेलं?

आषाढात तू इथे सुरतेत, पर्वत पाटियाला, दुकानाचा माल घ्यायला आला होतास. मी पाळीवर असताना घरी येऊन चहा पिऊन गेलास. सुषमानं मला ते दोन दिवसांनी सांगितलं. म्हणाली, "सांगानं ऱ्हाई गयं." माझ्या घरात आजवर काही सांगायचं राहिलेलं नाही.

आपण एका ताटात जेवलो आहोत. खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

वाल्मिक


उधना, सुरत
दि. १ सप्टेंबर १९९६

प्रिय मित्र हेमराज,

तुझं उत्तर मिळालं. असलं उत्तर पोस्टकार्डावर लिहायला नको होतंस, पोस्टमननं वाचलंच असणार. हल्ली तो माझ्याकडे बघून हसतो. "तुला वेड लागलंय, वहिनींना विचार," एवढंच लिहिलंस. पहिल्यांदा मला वाटलं, हा किती सावध लिहितो. मग कानबाई झाली, सोमवारी तापीवर विसर्जन करून आलो, पाहुणे गेले, आणि मी विचारलं.

विचारलं कसलं, ओरडलोच. "हा हेमराज तुझ्या तोंडात कुठून आला?"

ती म्हणाली, "मंग तुमनं नाव कसं लेऊ? आपला बाया नवरानं नाव लेतस का?"

मला अजूनही उलगडेना. तेव्हा तिनं सांगितलं. मॅडमची शिस्त अशी की वाक्यं आपल्या घरातल्या माणसांवर करायची, म्हणजे विसरत नाहीत. पहिल्या दिवशी सगळ्याजणी माय हजबंड, माय हजबंड करायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, असं नाही चालणार, माणसाला नाव असतं, नाव घ्या. सगळ्या खाली माना घालून बसल्या. इंग्लिशमध्ये झालं तरी नवऱ्याचं नाव ते नवऱ्याचंच. शेवटी मॅडमनं तोड काढली, नवऱ्यासाठी दुसरं कुठलंही नाव ठेवा. शेजारच्या रंजनानं उखा हे नाव घेतलं. तिच्या नवऱ्याचं नाव चिंधा.

"पण हेमराजच का?" मी विचारलं.

"तुमना तोंडमा दिवसभर तेच नाव ऱ्हास. हेमराज असा, हेमराज तसा. तेच जिभवर उनं."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्यासमोरच हुश्श केलं. तुझी माफी मागतो, अगदी मनापासून मागतो. चहाचं म्हणशील, तर ती खरोखरच सांगायची विसरली होती.

पण रात्री पाठ टेकली आणि ती वाक्यं एकेक करून परत आली. या खेपेला त्यांत तू नव्हतास. तिला काही कळत नाही, असं म्हणणारा मी. तिनं शिकू नये असं वाटणारा मी. मी तुला लिहिलं होतं, की मी नको म्हणालो नाही. डुमसलाही मीच नेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी. वारा होता, कागदावरची भजी उडत होती. तिनं आठवण करून दिली तेव्हा आठवलं. तागा पाहून मी सांगतो कुठे रंग फसलाय, आणि बायकोचा आवाज ज्या वाक्यानं बदलला ते माझ्याबद्दल असेल, हा संशय मला एकदासुद्धा आला नाही.

मला सगळं कळलंय हे तिला ठाऊक आहे, तरी नाव तिनं बदललेलं नाही. विचारलं तर म्हणते, आता सवय झाली.

गुरुवारी लवकर सुटलो. जिन्यात असतानाच आतून हसणं ऐकू आलं, सुषमा आणि रंजना. सुषमा अशी मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. मी आत शिरलो. रंजना डोक्यावर पदर घेऊन निघून गेली, सुषमानं पाणी दिलं आणि भाकरीला बसली. थोड्या वेळानं तिची वाक्यं सुरू झाली. तिसरं की चौथं होतं, "इन फ्रंट ऑफ हेमराज आय डू नॉट लाफ."

हेमराजसमोर मी हसत नाही. चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती तक्रार करत नव्हती रे, अभ्यास करत होती.

मी तुझ्या घरी जेवलो होतो तेव्हाचं आठवतं का? तू ताटावर काहीतरी पुटपुटलास आणि प्रमिलावहिनी पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसत सुटल्या. मला तेव्हा ते बरं वाटलं नव्हतं. पाहुण्यादेखत काय हे, असं मनात आलं होतं.

तू काय म्हणाला होतास, हेमराज? तेवढं आठवून लिही. मला दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही.

तुझा,
वाल्मिक