माझं लिहिणं, त्यांचा मथळा

सोमवार, संध्याकाळ

अंग नुसतं जळतंय. बाळंतपणानंतर मला काही सुचत नव्हतं, तेव्हा आयांच्या एका खुल्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'पोरीला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. मी वाईट आहे का?' कितीतरी बायकांनी धीर दिला. त्यांच्याच सांगण्यावरून डॉक्टरीणबाईंकडे गेले, बरी झाले. आता वर्षभरानं एका वेबसाइटनं तेच उचलून छापलंय, माझ्या नावासकट. मथळा काय, तर 'निर्दयी आई'! बायकांची उत्तरं गाळली. खाली बेबी पावडरची जाहिरात. काढून टाका म्हणून कळवलं, तर म्हणे ग्रुप खुला होता. म्हणून काय कुणीही उचलावं? निर्दयी म्हणे!

दुपारी केम गावाहून नणंदेचा फोन, तिनंही ते वाचलेलं. "वैनी, पोरगी नको आसंल तर हितं आणून सोडा की. आमी सांभाळू."

रडू नाही आलं, संताप आला. "वन्सं, ते गेल्या वर्षीचं आहे. तेव्हा मी आजारी होते."

"मग आमाला का न्हाई सांगितलं?"

काय सांगणार होते? 'निर्दयी' हाच शब्द तेव्हा घरातून ऐकावा लागला असता.

"हळू बोला," एवढंच म्हणाले. "पोरगी मांडीवर झोपलीय."