फणसाचा दावा आणि बांद्र्याची फेरी

अंधेरी पूर्व, रविवार

ती. मधुमामास,

देवेशचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, मामीची शुगर आणि आपली वाडी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (वाडीतला फणसही.) इथे सगळे मजेत. आई तर सध्या भलतीच फॉर्मात आहे, कारण तिने तुझ्यावर दावा ठोकायचं ठरवलंय.

घाबरू नकोस रे! आजोबांनी लावलेला हद्दीवरचा फणस तू गाडी आत घ्यायला तोडणार, हे कळल्यापासून तिचं जेवण कमी आणि बोलणं जास्त झालंय. म्हणाली, चल, कोर्टातून मनाई हुकूम आणू. मी रजा टाकली. मामा, आपल्या राज्यातली कोर्टं म्हणजे काय झकास प्रकरण आहे म्हणून सांगू! मला वाटायचं, कोर्ट म्हणजे कोर्ट. घराजवळचं म्हणून आधी अंधेरीच्या कोर्टात शिरलो. तिथे पोलिसांनी धरून आणलेल्या एका इसमाने आईला सरकून जागा दिली. आईने त्याला फणसाची अख्खी हकीकत ऐकवली. (तो हळहळला. पोलीसही.) मग कुणीतरी सांगितलं की इथे चोरी, मारामारी, म्हणजे फौजदारी चालते, तुमचं प्रकरण दिवाणी. झालं! आई भडकली, "माका पिशी म्हणतास?" (तिने हिंदी सिनेमातली दिवानी, म्हणजे वेडी, धरली.)

दुसऱ्याने बांद्र्याचं लघुवाद न्यायालय सुचवलं. खरं तर ते घरमालक-भाडेकरूंचं, पण आई नावावरूनच अडली: माझो वाद लघु काय? तेवढ्यात तिला कळलं की बांद्र्यालाच कुटुंब न्यायालयही आहे. भाऊ म्हणजे कुटुंबच की! तडक तिथे. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, वेगळे कधीपासून राहता? आई म्हणाली, लग्न झाल्यापासून. भेटायला येतात? दिवाळीला येतो, साडी देतो, जेवतो आणि जातो. रांगेतल्या बायका चुकचुकल्या. एकीने तर आईचा हात धरला नि म्हणाली, मावशी, अशा माणसाला सोडाच! सोडू कसा, आई म्हणाली, एकुलता एक भाऊ आहे माझा. मामा, रांगेतल्या रडवेल्या बायकाही हसल्या रे!

शेवटी तिथल्याच रत्नप्रभा वकीलबाईंनी समजावलं: जमीन जिथे, दावा तिथे. म्हणजे आपलं कुडाळचं दिवाणी न्यायालय. तिथे हरलो तर ओरोसला जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालय, आणि त्याचं खंडपीठ आता आपल्यासाठी कोल्हापुरात बसतं! त्याच्या वर थेट दिल्ली. एका फणसासाठी एवढा मोठा जिना! मला तर रात्रभर झोप नाही.

मामीला नमस्कार सांग.

तुझा भाचा,
देवेश

ता. क. नोटिशीत तुला 'प्रतिवादी' म्हटलेलं असेल. ती शिवी नाही.

आणखी एक ता. क. तारखांना आई कुडाळला येईल. उतरणार अर्थात तुझ्याकडेच. स्टेशनवर घ्यायला ये, आंघोळीला कढत पाणी ठेव आणि कोर्टात दोघं एकाच रिक्षाने जा.

शेवटचा ता. क. (आई सांगतेय, मी फक्त लिहितोय.) "मधू, दावो म्हणे वरसानुवरसां चलता. चलांदे. आवस-बापूस गेल्यापासून तू माका एकदा तरी 'माहेराक ये' म्हटलंस? आता कोर्ट बोलवतला. फणस मात्र तोडू नको हां. तोडलंस तर दावो संपलो, मगे माका बोलवतलो कोण?"