काचेची आतली बाजू

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत हेही इथेच विचारून घेतो, म्हणजे पुन्हा तेवढ्यासाठी वाकायला नको. मी बरा आहे. भूक लागते, झोप येते, आणि दोन्ही एकाच वेळी आल्या तर आधी झोपतो.

"पोरगी चालवते त्या बालवर्गात जाऊन नुसता बसून राहा, तिला तेवढाच आधार," असं सांगून तू मला इकडे धाडलंस, त्याला तीन आठवडे झाले. त्यात मी एकूण दोनदा बसलो, पैकी एकदा ओल्या मातीच्या गोळ्यावर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणजे याला अक्षरं शिकवता येणारच, असा तुम्हा मायलेकींचा समज. (कोंबडीला अंडं घालता येतं म्हणून तिला कोणी आमलेट करायला बसवत नाही.) तुझ्या लेकीचं म्हणणं असं की पाटी-पेन्सिल नंतर, आधी अक्षर बोटांना कळलं पाहिजे. म्हणून मुलं वाळूच्या ताटात बोट फिरवतात, मातीच्या वळ्या करून 'ग' नि 'म' जुळवतात, आणि खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं डोळे मिटून चाचपतात. ती अक्षरं कापायचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या पेटीतला पॉलिश पेपर काढला, तो नेमका लोखंडाचा गंज काढायचा. 'क' गिरवून सतरा मुलांची बोटं लाल झाली. एकीने त्यावर नखं घासून घेतली, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी 'ळ' उचलून नेला तो करपलेलं पातेलं घासायला. (पातेलं लख्ख निघालं. वर्णमालेत 'ळ'चा इतका उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.)

मग वस्तूंना नावं बांधायचं ठरलं. दार, नळ, खिडकी, खुर्ची अशा चिठ्ठ्या मी झोकात लिहिल्या. मुलांनी त्या दिवसभर इकडच्या तिकडे केल्या. संध्याकाळी मी साबण आणायला गेलो तेव्हा दुकानदार माझ्याकडे पाहून दोनदा काहीतरी बोलायला आला आणि थांबला. भला माणूस. परत आल्यावर मावशींनी माझ्या पाठीवरून 'खुर्ची' काढली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण इथे एक मुलगी आहे, पाच वर्षांची, सगळ्यांत लहान चणीची. स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत नेते म्हणून मावशी तिला मुंगी म्हणतात. ही मुंगी सगळी अक्षरं उलटी काढायची, आरशात दिसावीत तशी. मला तीन दिवस त्यात काही वावगं आहे हेच कळलं नाही. दुकानाच्या काचेवर पाटी रंगवायची तर आतल्या बाजूने उलटीच रंगवावी लागते, म्हणजे पावसाने रंग जात नाही. निम्मं आयुष्य मी तसंच लिहिलं आहे, त्यामुळे मी तिला "वा, छान" म्हणत राहिलो. तुझ्या लेकीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी लहानपणी दूध सांडल्यावर तू पाहायचीस तसं. या वयात असं होतं, आपोआप जातं, असं तीच म्हणाली. पण मुंगीच्या आईला धीर नव्हता. मोठ्या शाळेने सांगितलं होतं की अक्षरं अशीच राहिली तर आणखी एक वर्ष थांबा. ती बाई एकटी, नोकरी करणारी. वर्षभर पोरीला ठेवणार कुठे?

तेव्हा मी मदत करायची ठरवली. (कोणी सांगितली नव्हती.) एका सकाळी मी मुंगीचा हात धरला आणि वाळूत जोर लावून सुलट 'च' काढून घेतला. तिने सोडवून घ्यायला पाहिलं, मी सोडला नाही. दहा वेळा काढून घेतला. अकराव्या वेळी हात सोडला तर तिने दोन्ही हात काखेत घातले. रडली नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी माती दिली, हात काखेत. तिसऱ्या दिवशी रंग दिले, हात काखेत. तुझ्या लेकीने वाळूचं ताट माझ्यापुढून उचलून नेलं. बोलली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी मी पेटी आवरली आणि तुझ्याकडे यायची गाडी किती वाजता आहे ते विचारायला बसस्टँडवर गेलो.

मुंगीची आई तिथेच चौकशीच्या खिडकीत बसते, हे मला ठाऊक होतं, फक्त त्या वेळी डोक्यात नव्हतं. मी मान खाली घालून म्हणालो, "दुपारची गाडी?" आणि खिडकीतून आत पाहिलं तर खोक्यावर मुंगी बसलेली. बालवर्ग सुटला की ती आईपाशीच असते. हात काखेत नव्हते. एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर ती पेन्सिलने काहीतरी काढत होती, मान वर करून काचेकडे पाहत होती आणि पुन्हा काढत होती. काचेवर लाल रंगात ठसठशीत 'चौकशी' लिहिलं होतं.

"मुंगे, कुठलं बघून काढतेस?" मी विचारलं.

"हे काय इथलं," ती म्हणाली. "तुमच्या बालवर्गातलंच चुकलंय."

मी तिच्या आईला म्हणालो, जरा दार उघडा. तिथे 'आत येण्यास मनाई' अशी पाटी होती. (पाटी वाईट रंगवलेली, त्यामुळे तिचा मान राखावासा वाटला नाही.) आत जाऊन मुंगीच्या शेजारी उकिडवा बसलो आणि तिच्या जागेवरून काचेकडे पाहिलं. अक्का, तिचं एक अक्षर चुकलेलं नव्हतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. बाकीची मुलं 'क' ची मान मोडत असताना ही पोरगी 'चौकशी' लिहीत होती, आणि मी तिचा हात पिरगाळत होतो.

"माझंच चुकलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

मग मी तिला बाहेर घेऊन गेलो आणि काचेसमोर उभी केली. ती बराच वेळ पाहत राहिली. आत पळाली. बाहेर आली. पुन्हा आत. खिडकीपाशी नऊ-दहा माणसं खोळंबली होती, त्यांतल्या एकाची गाडी बहुधा गेली. आई कोणालाच काही सांगेना, ओढणीने डोळे पुसत नुसती हसत होती. गाडीची वेळ विचारायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बालवर्गाच्या काचेच्या दारावर काम सुरू झालं. ओल्या खडूने निम्मी मुलं आतून लिहितात, निम्मी बाहेरून वाचतात, मग अदलाबदल. कोण कुठल्या बाजूला हे मुंगी ठरवते. मलाही दोनदा बाहेर काढलं. कागदावर आता तिची अक्षरं सुलट येतात. 'ग' अजून मधूनच पाठ फिरवतो, तो आपला फिरवो. शुक्रवारी मोठ्या शाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांनी कागद पुढे केला तर मुंगीने विचारलं, "आतून लिहू का बाहेरून?" बाईंनी दोन्ही लिहायला सांगितलं, आणि घेतलं तिला.

माझं इथलं काम संपलं. मुलं शिकवणं हा आपला प्रांत नव्हे. रविवारी परत येतो. घरातल्या लहानमोठ्यांना यथायोग्य सांग.

तुझा धाकटा

ता.क. हे पत्र तुझ्या लेकीच्याच हाती देतोय. तिकडे तिचं एक दिवसाचं प्रशिक्षण आहे, मुक्काम तुझ्याकडे. पाकीट मी नीट चिकटवलंय. वाचताना चेहरा कोरा ठेव, ती समोरच बसलेली असेल.

ता.क. प्रशिक्षण झालं की तिला आणखी दोन दिवस ठेवून घे. माळा आवरायचाय म्हण. आवरलेला असेल तर आधी पसर.

ता.क. वर रविवार लिहिलाय तो कुठला, हे लिहिलेलं नाही.

ता.क. तिला ठेवून घ्यायचं कारण आता सांगतो. रोज संध्याकाळी मावशी दार पुसतात आणि रोज सकाळी मुलं आपापला शब्द शोधत काचेला नाक लावून उभी राहतात. तुझ्या लेकीची बस सुटली की मी सतराच्या सतरा शब्द ऑइलपेंटने पक्के करणार आहे, आतल्या बाजूने, ज्याचे जसे आहेत तसे. तिला दारावर डाग खपत नाही हे मला माहीत आहे. ऑइलपेंट दोन दिवसांत वाळतो. वाळला की तो कोणाच्या बापाला निघत नाही.