जास्वंदीवरचा चोर

पळसदरी, १० नोव्हेंबर

ती. अण्णांना विमलचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून मला आळीला सांगायचं नाही, म्हणून पत्र. परवा संकष्टीला बाप्पाला वाहायला जास्वंदीचं एक फूल उरलं नव्हतं. संध्याकाळी पाच कळ्या, सकाळी नुसते देठ. महिनाभर हेच. शेजारच्या द्वारकाच्या अंगणात लाल पाकळी दिसली, म्हणून भजनाला जमलेल्या बायकांत मी तिला म्हटलं, की चोरीच्या फुलांनी देव प्रसन्न होत नाही. ती झांजा खाली ठेवून उठून गेली. वीस वर्षांचं जाणं-येणं!

आज त्याच झाडावर हिरवागार सरडा पाहिला, शेपटीसकट हातभर. तोंड लाल. तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत, एका ओळीत सांगा: सरडा फुलं खातो का?

तुमची धाकटी,
विमल

खालापूर, १४ नोव्हेंबर

चि. सौ. विमलला अनेक आशीर्वाद.

एका ओळीत: नाही. आपला सरडा किडे खातो, घोरपडीचं पिल्लूही किडेच खातं. फुलापाल्यावर जगतो तो इग्वाना, परदेशातला. लोक हौसेनं पिल्लू पाळतात, वाढू लागलं की सोडतात. तुमच्याकडे शनिवार-रविवारच्या बंगल्यांना काय तोटा? पण रंगावर जाऊ नकोस. पाठीवरचे काटे आपल्या सरड्यालाही असतात. शेपटीवर काळसर पट्टे आहेत का, आणि मुख्य म्हणजे कानाखाली जबड्यावर एक मोठा गोल खवला आहे का, ते बघ. नीट बघितल्याशिवाय ठरवू नकोस. लहानपणी चिंचा उंदरांनी नेल्या आणि तुझ्या तक्रारीवरून मार मी खाल्ला, आठवतं ना?

अजून पाठ चोळणारा,
अण्णा

पळसदरी, १९ नोव्हेंबर

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

पन्नास वर्षांनी चिंचा काढल्यात! इथे तीन दिवस मान वर करून मी उभी. तो तोंड पानांत घालतो आणि शेपूट तेवढी मला दाखवतो. पट्टे आहेत, कान काही दिसेना. सूनबाईनं मोबाईलवर फोटो काढला, त्यात नुसती पानं. वैतागून त्याला काय बोलले ते लिहीत नाही, हातात जपमाळ होती.

आज सकाळी मेला बाहेर आला, माझ्यादेखत फूल ओढून गिळलं. कानाखाली टिकलीएवढा गोल खवला! द्वारकाला हाक मारली, की ये, बघ. ती कुंपणापलीकडूनच म्हणाली, की झाड तुमचं, चोर तुमचा, तुमीच बघा, मला काय नाय बघायचं.

आता काय करू, ते लिहा.

विमल

पळसदरी, २६ नोव्हेंबर

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

तुमचं उत्तर येण्याआधीच सर्पमित्र विकास त्याला पिशवीत घालून वनखात्याकडे घेऊन गेला. म्हणाला, काकी, तुमी ओळखलंत म्हणून वाचला, नायतर लोक ठेचतात. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मान वर करवेना. भजनात सगळ्यांसमोर चूक कबूल केली, पण द्वारकाची जागा रिकामी होती. दारात गेले तर तिनं कडी काढली नाही.

झाड आता रोज लालभडक असतं. सकाळी एक फूल तिच्या उंबऱ्यावर ठेवते. संध्याकाळी ते तिथंच, मिटलेलं. मी काही वाया घालवणारी बाई नव्हे, तुम्हाला ठाऊक आहे. तरी उद्याही पहिलं फूल तिचंच, मग बाप्पाचं.

माझ्यावर रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमची,
विमल