पाणी नितळ होतं

मेहकर
८ फेब्रुवारी

प्रिय इरा,

लग्नानंतर तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी तुला पत्र लिहिलं होतं, तेव्हा वर ‘चि. सौ. इरा’ असं झोकात लिहिलं होतं. आजही हात त्याच वळणावर गेला आणि ‘सौ.’पाशी थांबला. नुसतं ‘चि. इरा’ लिहून पाहिलं, तर तेवढीच मोकळी राहिलेली जागा डोळ्यांत भरायला लागली. दोन कागद फाडले. शेवटी ‘प्रिय’ लिहिलं. आमच्या मेहकरात सासरा सुनेला प्रिय लिहीत नाही. पण तुझं नाव तर वर घालायलाच हवं होतं.

तुझं पत्र सत्तावीस तारखेला मिळालं. पोस्टमनकडून मीच घेतलं, म्हणून शरयूला कळलं नाही. तीन ओळी. दोन वर्षं झाली बाबा, मीच त्याला घाई केली, तुम्हाला आणि आईंना मला कधी माफ करता येईल का? तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला. रोज आंघोळीनंतर जुन्या शर्टातून नव्या शर्टात हलवतो. तुझ्या भावाने दिवाळीत कळवलं होतं की तू नोकरी सोडलीस, घराबाहेर पडत नाहीस, डोंगरात घालायचे बूट कुणाला तरी देऊन टाकलेस. ते वाचूनही मी गप्प बसलो होतो. माणूस किती दिवस गप्प बसू शकतो, याचा मला स्वतःलाच अंदाज नव्हता.

तुमच्या डोंगर चढण्याची मी किती टिंगल केली, आठवतं? आमच्या सोहमने पहिल्यांदा सांगितलं की पुण्याला दर रविवारी तो कुणा इरा नावाच्या मुलीबरोबर डोंगर चढतो, तेव्हा मी विचारलं होतं, “काऊन बे, तिची म्हैस हरवली का?” आमच्याकडे बैल हरवला किंवा सरपण आणायचं असलं तरच माणूस डोंगरात जातो. वर जायचं, डबा खायचा आणि खाली यायचं, हा उद्योग मला समजत नव्हता. पण तू पहिल्यांदा घरी आलीस आणि चहा झाल्यावर म्हणालीस, बाबा, तुमची नदी दाखवा. पैनगंगेच्या पुलाखाली खांबावर रंगवलेली मापाची पट्टी मी तुला दाखवली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी हेच केलं, पाणी मोजलं. तू अर्धा तास प्रश्न विचारत होतीस. घरातल्या दुसऱ्या कुणी कधी पाच मिनिटं विचारले नव्हते. शरयूला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, पोरगी पसंत आहे.

पाण्याचा वेग कसा काढतात, ते तेव्हा तुला सांगितलं होतं. नदीच्या काठाने दहा मीटरवर दोन खुंट्या ठोकायच्या, वरच्या खुंटीपाशी पान टाकायचं आणि खालच्या खुंटीपर्यंत यायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सोहम सात वर्षांचा असल्यापासून माझ्याबरोबर यायचा. पान टाकायचं काम त्याचं. टाकलं की तो पानाबरोबर काठाने धावत सुटायचा आणि पानाच्या आधी पोचून मोठ्याने ओरडायचा. तेव्हाच मी त्याला एक नियम शिकवला होता. पुराआधी पाण्याचा रंग बदलतो. गढूळ व्हायला लागलं की मागचा पुढचा विचार न करता काठावर यायचं. नितळ आहे, तळ दिसतो आहे, तोवर भिण्याचं कारण नाही. आमच्या नदीनाल्यांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. या नियमाने मी एकदा चार मजुरांना पाण्याबाहेर काढलं होतं. दहा मिनिटांत तिथं पुरुषभर पाणी झालं. ती गोष्ट मी सोहमला इतक्यांदा सांगितली असेल की त्याला पाठ झाली होती.

मग ती सव्वीस जानेवारी. तू जे सांगितलंस तेवढंच सगळ्यांना माहीत आहे. समुद्रकाठच्या त्या गावात तुम्ही खोली घेऊन राहिला होतात. सकाळी साडेसात वाजता समुद्राच्या बाजूने आलात, वहाळ, म्हणजे तिकडचा ओढा, जिथे खाडीला मिळतो तिथले दगड कोरड्या पायांनी ओलांडलेत आणि वहाळाच्या काठाकाठाने डोंगरात वरच्या कुंडापर्यंत गेलात. परतताना तू म्हणालीस, चल लवकर, बारा वाजता खोली सोडायची आहे. शेवटच्या उतारावर तुझ्या टाचेला फोड आला म्हणून तू पट्टी लावायला थांबलीस आणि त्याला पुढे जायला सांगितलंस. तू खाली पोचलीस तेव्हा तो पाण्याच्या मध्यावर होता. त्याने वळून हात केला आणि त्याचा पाय सुटला.

तेराव्याला शरयू सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “एका खोलीपायी माह्या लेकाचा जीव घेतला हिनं.” तू भिंतीला टेकून बसली होतीस. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी काहीतरी म्हणेन असं तुला वाटलं असणार. मी समोरच्या पत्रावळीतला भात चिवडत बसलो. दुपारच्या पुण्याच्या गाडीने तू एकटी गेलीस. स्टँडपर्यंतसुद्धा तुझ्याबरोबर कुणी आलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो. तुझी बॅग जड होती आणि तू दोनदा थांबून हात बदललास.

तुझं पत्र आल्यावर मी पंचांग काढलं. तुम्ही गेला होतात तो दिवस पौर्णिमेनंतरचा होता. समुद्राचं पाणी चंद्रावर चढतं-उतरतं, एवढं ऐकून होतो. माघातली पौर्णिमा चार दिवसांवर आली होती, म्हणून तसाच दिवस गाठून त्या गावाला जायचं ठरवलं. शरयूला सांगितलं, साताऱ्याला जुन्या साहेबांच्या मुलीचं लग्न आहे. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बायकोशी असं खोटं बोललो, आणि तिने डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पुण्यात गाडी बदलली. तुझ्या घरापासून स्टँड किती लांब आहे ते एका रिक्षावाल्याला विचारलं सुद्धा, पण आलो नाही. सोहमला आणायला आम्ही त्या गावाला गेलो होतो तेव्हा मी गाडीतून उतरलोच नव्हतो. म्हणजे समुद्र मी या वेळीच पाहिला.

गावात तानुबाई नावाच्या एक बाई आहेत. ओहोटीला खाडीत उतरून त्या दगडांना चिकटलेले शिंपले, कालवं, काढतात. मी कोण ते त्यांना सांगितलं नाही, पण सकाळी सात वाजता धोतर, कोट आणि पायात कापडी बूट अशा म्हाताऱ्याला त्या दगडांवर उभा पाहून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. त्या माझ्याबरोबर वरपर्यंत आल्या. इरा, वाट फार सुंदर आहे. हे मला तुला लिहायचं होतं, कारण दोन वर्षं मी त्या वाटेला मनात शिव्या घालत होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वहाळ, मध्ये माणसापुरती पायवाट. सुपारीच्या बागा संपल्या की मोठी झाडं लागतात आणि ऊन खाली येतच नाही. पाणी दगडावरून उतरताना बोलत असतं, मग एखाद्या खळग्यात गप्प होतं. वळणावर मागे पाहिलं की झाडांच्या फटीतून समुद्राची निळी रेघ दिसते. चौतीस वर्षं मी पाण्याकाठी चाललो, पण ते काम होतं. नुसतं पाण्यासोबत चालावं, मोजू नये, हे मला कधी सुचलं नाही. वर कुंडापाशी बसून मी दशमी खाल्ली. तुम्ही तिथे डबा खाल्ला होता ना? तुम्ही मला बोलावलं होतंत, लग्नाआधी दोनदा आणि नंतर एकदा. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. माझे गुडघे त्या दिवशी एकदाही दुखले नाहीत, आणि याचंच मला फार रडू आलं. तानुबाई पाठ करून बसल्या आणि मला रडू दिलं.

पावणेअकराला आम्ही खाली दगडांपाशी आलो. तिथून समुद्र दिसत नाही, डोंगराचा कोपरा आडवा येतो. दिसतो तो नुसता ओढा, आमच्याकडच्यासारखा. सकाळी उघडे असलेले दगड बुडायला लागले होते. मी सवयीने झाडाचं एक पान तोडलं आणि पाण्यात टाकलं. पान वर गेलं, इरा. डोंगराकडे. मी दुसरं टाकलं, तेही वर गेलं. आयुष्यभर पानं टाकली, एक पान कधी उलटं गेलं नाही. आवाज नव्हता, फेस नव्हता, आणि पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातली वाळू सरकताना दिसत होती. तानुबाई म्हणाल्या, “ही भरती. हिचा रंग नाय बदलत, बाबा. खालनं चढते गपचूप. उन्हं कलली की परत दगड उघडे.” म्हणजे चार-पाच तास काठावर बसून राहायचं, एवढंच. गावातलं लहान पोरही ते करतं. सोहम वरच्या अंगाला, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाच्या झाडांत सापडला, तेव्हा मी सगळ्यांना म्हणत होतो की हे शक्यच नाही, वाहून गेलेला माणूस खाली सापडतो. पाण्याबद्दल मला कुणी शिकवावं, हे तेव्हाही मला खपत नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. त्या दिवशी मी शाळेतून झेंडावंदन करून जिलेबी घेऊन घरी आलो होतो. शरयू शेजारी गेली होती. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी सोहमचा फोन आला. त्याचा फोन त्याच्याबरोबर पाण्यात गेला, म्हणून हे कुणालाच कळलं नाही. तो त्या दगडांपाशी उभा होता. म्हणाला, “बाबा, सकाळी दगड कोरडे होते, आता बुडून राह्यले. पाऊस तर नाही. इरा मागं आहे, तिले जायची घाई आहे, पण मले हे पाणी समजून नाही राह्यलं. थांबू का?” मी विचारलं, नितळ आहे का? तो म्हणाला, तळ दिसतो. आमच्याकडे जानेवारीत पाऊस नसताना पाणी वाढतं ते एकाच कारणाने. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यासाठी धरणातून पाणी सोडतात, त्याला आम्ही आवर्तन म्हणतो. ते दिवसभर हळूहळू वाढतच जातं, म्हणून ते आलं की थांबायचं नसतं, आधी पलीकडे व्हायचं असतं. समुद्र जवळ आहे हे मला माहीत होतं. पण मला तो सुचला नाही. मी जिलेबी खात खात त्याला म्हणालो, “वर कुठं आवर्तन सुटलं असंल. नितळ हाये ना? मंग भेतं काऊन? थांबशीन तर वाढत जाईन. आत्ताच निघ.” तो हसला, म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणजे झालं. तुझं ऐकून तो पाण्यात उतरला नाही, इरा. तू घाई केलीस तरी तो थांबला होता. काठावर उभा राहून त्याने पाणी मोजणाऱ्या बापाला विचारलं आणि बापाने त्याला पाठवलं. तेराव्याला तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा हे सगळं माझ्या तोंडात होतं आणि मी ते भाताबरोबर गिळलं. हे सगळं आज सकाळी शरयूला सांगितलं. ती उठली. आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. आता चार वाजत आले, कडी अजून निघालेली नाही, मी बाहेर ओसरीवर बसून हे लिहितो आहे. माफीचं तू विचारलंस. तुला ती कुणाकडे मागायची नव्हतीच, आणि मला मागायला तोंड नाही. उत्तर पाठवू नकोस. बूट मात्र परत घे. आणि त्याला कुणी घाई केली असं जो कुणी विचारेल, त्याला माझं नाव सांग.

तुझाच,
बाबा