अमोलचा फोटो

७ जाने. २००३, मंगळ.
ताईचा होकार! लासलगावच्या शाळेत शिकवून आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "अमोलला हो कळवा." इतकी स्थळं नाकारणारी माझी बहीण! आईला रडू. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी करून आले ते चपला न काढताच देवापुढे. अमोल बंगलोरला असतो, पहिली भेट रविवारी, पण ताईला रोज मेल. आजच्या मेलमध्ये म्हणे, "फोटोतली तुमची खळी डोळ्यांपुढून जात नाही." ताई म्हणाली, "मला कुठे खळी? काहीतरीच!" चिडवत असेल. त्याचा फोटो तिने बीजगणिताच्या पुस्तकात ठेवलाय.
खरं श्रेय माझ्या प्रोग्रामचं. साने काकूंच्या विवाह मंडळाला आलेल्या मेल तो वाचतो, माहिती आणि फोटो वेगळे काढून एका पानावर छापतो. पण घरात कोण मानतंय!

९ जाने., गुरु.
मंडळात गेले होते. एक कुटुंब पेढे घेऊन आलं, मुलाचं लग्न ओळखीत ठरलं म्हणून. मुलाने पेढा पुढे केला, मी वर बघितलं तर अमोल! आमचा अमोल!! कसंबसं विचारलं, "तुम्ही अमोल ना?"
तो हसला. "अमोल माझा मावसभाऊ. मी सचिन."
काकूंनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

तोच दिवस, संध्या.
मूळ मेल उघडली. अमोलच्या आईने पाठवलेली. वर अमोलची माहिती. मग "बहिणीच्या मुलासाठीही बघावे" म्हणून सचिनची आख्खी मेल आत जोडलेली, फोटोसकट. शेवटी अमोलचा फोटो. आपल्याकडे एकट्या मुलाचं स्थळ पाठवतं कोण? हे मला सुचायला हवं होतं. मेलचे भाग पाडायला प्रोग्रामला शिकवलं, पण एखाद्या भागात दुसरी पूर्ण मेल असली तर ते सामान दुसऱ्या माणसाचं, हे शिकवलंच नाही. मोठ्या डब्यातला छोटा डबा उघडून त्याने सगळं एकाच ताटात वाढलं. पहिली माहिती अमोलची, पहिला फोटो सचिनचा, लावली जोडी.
खरा अमोल: चष्मा, केस विरळ.

१० जाने., शुक्र.
सांगितलं. ताई भिंतीला टेकून खालीच बसली. मग, "मेल कोण लिहितं?"
"अमोलच. त्या थेट तुला येतात."
"आणि फोन?"
"तोही त्याचाच."
खरा फोटो पुढे केला, तिने घेतला नाही. "रविवारी येतोय ना? समोरच बघेन."
आई म्हणाली, "अगं, पण केस—"
"आई!"
बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

११ जाने., शनि.
प्रोग्राम दुरुस्त केला. आतल्या मेलचं आता वेगळं पान. जुन्या मेल पुन्हा चालवत होते, त्यात आमच्या घरची आली. बाबांनी पाठवलेली. ताईची माहिती, आणि आत जोडलेलं काकांच्या मनीषाचं स्थळ. "भावाची मुलगी, आपलीच समजा."
बाबा!!
मंडळातून अमोलकडे गेलेलं ताईचं पान काढून बघितलं. माहिती ताईची. फोटो मनीषाचा.
मनीषाला खळ्या पडतात. दोन्ही गालांवर.

१२ जाने., रवि.
ताईला सकाळी सांगितलं. वेणी घालता घालता तिचा हात थांबला. आरशात बघून मुद्दाम हसली, गाल ओढून. काही नाही.
मी म्हटलं, "फोन करते. पंचवटीत मावशीकडे उतरलेत, अजून निघाले नसतील."
"नको. मी धक्का खाल्ला, त्यालाही खाऊ दे."
ऐटीत म्हणाली, पण वेणी तीनदा सोडली. मग हळूच, "नाही म्हणाला तर मेल बंद होतील गं."
काय करून ठेवलं मी हे!
पोह्यांचा वास सुटलाय. खाली रिक्षा थांबली. ताई म्हणतेय, दार मी उघडणार. आई ओरडतेय, "मुलीने आधी बाहेर यायचं नसतं गं!"
कडी काढल्याचा आवाज. मग ताईचा आवाज, "खळी नाही हं मला. येताय आत?"