साठ मुक्काम

धुळे,
रविवार, १० मार्च १९९६

प्रिय मंदा,

या पाकिटात पत्राबरोबर एक छापील फॉर्म आहे. त्याच्या तळाशी उजवीकडे 'सोबत येणाऱ्याची सही' असं लिहिलेलं आहे, तिथे तुझी सही लागते. ३१ मार्चच्या आत तो नाशिकला पोचला नाही तर माझी वर्षभराची खटपट रद्द होते. तरीपण तू सही लगेच करू नकोस. आधी पत्र पूर्ण वाच, आणि एकटी असताना वाच. हिलाल मोठ्याने वाचून दाखवतो म्हणेल, धाकट्या भावाला नाही म्हणणं तुला जमत नाही, पण या वेळी पत्र त्याच्या हाती देऊ नकोस. हे मी चौथ्यांदा उतरवून काढतो आहे, म्हणून खाडाखोड दिसणार नाही. पहिल्या तिन्ही वेळा शेवटचा परिच्छेद लिहायचा राहिला आणि मी कागद फाडून टाकला.

घरी सगळे ठीक आहेत. आबांचा खोकला उतरला. माय दिवसातून दोनदा तुझं नाव घेऊन उसासा टाकते आणि तिसऱ्यांदा नुसती माझ्याकडे बघते. समोरच्या बेबाबाईंनी तुझी लोणच्याची बरणी स्वतःकडे नेली आहे, आमच्या घरात कोणी झाकण नीट लावत नाही म्हणून. पाणी एक दिवसाआड येतं. तू माहेरी गेल्यावर माझी गादी मी पुन्हा बाहेरच्या खोलीत भावांच्या शेजारी टाकतो, कारण आतल्या खोलीचा मधला पडदा मायने धुवायला काढला तो परत लावलाच नाही. मीही लावा म्हणालो नाही.

आता फॉर्मचं सांगतो. तुला यातलं काहीच माहीत नाही, कारण मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आमचे बन्सीलालशेठ पंपाच्या कामासाठी औरंगाबादहून विमानाने मुंबईला जातात, हे तुला ठाऊक आहे. नवी खासगी विमानं सुरू झाल्यापासून त्या कंपनीने त्यांना एक कार्ड दिलं. प्रत्येक प्रवासाचे गुण मिळतात, गुण साठले की एक तिकीट फुकट. मात्र विमानात बसताना देतात त्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा जपून ठेवावा लागतो. शेठ तो शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि शर्ट धुवायला जायचा. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तुकडे तारखेप्रमाणे एका फाइलला चिकटवले. कंपनीने दोनदा त्यांचे प्रवास धरले नव्हते, मी तुकड्यावरचा नंबर घालून पत्रं लिहिली आणि दोन्ही वेळा गुण मिळवून दिले. नववीत शाळा सुटलेल्या माणसाच्या पत्राला मुंबईहून इंग्रजीत उत्तर येतं याचं मला फार अप्रूप वाटायचं. शेठ हसून म्हणायचे, "गिरधर, मी उडतो आणि तू मोजतो." त्याच गुणांवर ते शेठाणीबाईंना घेऊन गोव्याला गेले. आल्यावर शेठाणीबाईंनी मला काजूचं पुडकं दिलं आणि सांगितलं, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी दुकान सोडून दुसरं बोलले."

काजू तू खाल्लेस. वाक्य मी ठेवून घेतलं.

तुला आठवत असेल, लग्नाला चार महिने झाले होते आणि आपण गच्चीवर कुरडयांवर फडकं टाकत होतो. तू म्हणालीस, एकदा आपण दोघांनीच समोरासमोर बसून जेवावं, कोणी हाक न मारता. तू सहज बोललीस आणि खाली गेलीस, कारण हाक आलीच होती. दोन खोल्यांत सात माणसं. तू सगळ्यांचं झाल्यावर जेवायचीस, मी तेव्हा बाहेर खाटेवर असायचो. तुला जेवताना मी नीट पाहिलेलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर एका रविवारी तुला स्टँडजवळच्या खानावळीत घेऊन गेला असता. मला तेवढं सुचलं नाही. मला सुचलं ते असं, की हे काम पद्धतशीर झालं पाहिजे.

जळगावला मी ज्या हॉटेलात उतरतो त्याच्या मालकाची नाशिकला, औरंगाबादला आणि मुंबईलाही हॉटेलं आहेत. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी विमान कंपनीसारखीच योजना काढली. वर्षात साठ मुक्काम भरले की मुंबईच्या हॉटेलात दोघांना दोन रात्री आणि औरंगाबादहून मुंबईला विमानाची दोन तिकिटं. नियमांचं पत्रक मी रात्रभर नव्हे, पण दोन जेवणं चुकतील इतका वेळ वाचलं. कार्ड येताना दाखवायचं, बिल देताना दाखवलं तर मुक्काम धरत नाहीत. तीन रात्री सलग राहिलं तर तीनच धरतात, पण मधेच खोली सोडून पुन्हा नाव नोंदवलं तर येण्याचा अर्धा मुक्काम वर मिळतो. नाव प्रत्येक वेळी सारखंच लिहायचं, एकदा 'गिरधर धनसिंग' आणि एकदा 'जी. डी.' असं केलं की दोन वेगळी माणसं होतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या रिकाम्या असतात म्हणून एका मुक्कामाचे दोन धरतात. हे सगळं हॉटेलातल्या दुसऱ्या कोणाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. मॅनेजर जीवराम फैजपूरकडचा आहे, तोच नियम मला विचारायचा.

शेठ माझ्या फेरीचं काम विचारतात आणि ठरलेला भत्ता देतात, मी किती वाजता मोकळा झालो, कुठे उतरलो ते विचारत नाहीत. आधी पंपांच्या कामाला भुसावळ, दीपनगर करून मी कसाबसा शेवटची गाडी पकडून घरी यायचो, तुला आठवत असेल, तू ताट झाकून ठेवायचीस. एप्रिलपासून ती गाडी मी पकडेनासा झालो. घरी सांगायचो, काम लांबलं. माय म्हणायची, "तुले घर गोड नही लागस का रे?" जीवराम म्हणायचा की लोक बस मिळावी म्हणून धावतात आणि गिरधरभाऊ चुकावी म्हणून चहा मागवतात, घरी वाघीण ठेवली आहे का? मी हसायचो. खरं कारण सांगितलं असतं तर तो आणखी हसला असता.

त्या खोलीत दोन खाटा असायच्या, मंदा. एकट्याला स्वतंत्र खोली नव्हतीच. दोन उशा, दोन टॉवेल, तांब्यावर दोन पेले उपडे. मी खिडकीकडची खाट तुझी म्हणून ठरवली होती आणि तिच्यावर बॅगसुद्धा ठेवत नसे. संध्याकाळी खोलीत जेवण मागवायचो तेव्हा टेबल ओढून दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायचो. मुंबईला गेल्यावर वेंधळेपणा नको म्हणून मी सराव करत होतो. तुला काय सांगायचं तेही ठरवायचो. एकदा जीवराम पाण्याचा जग द्यायला आत आला आणि म्हणाला, कोणी येणार आहे का? मी म्हणालो, येणार आहे, पण आज नाही. त्याने जग टेबलावर ठेवला. नंतर त्याने बसून माझ्याबरोबर चहा घेतला, पण दुसऱ्या खुर्चीत बसला नाही, खाटेच्या कडेवर बसला. माझ्या खाटेच्या.

मी तुझ्याबरोबर राहण्यासाठी रात्री साठवत होतो आणि त्या साठवण्यासाठी तुझ्यापासून लांब राहत होतो. आज हे एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा वहीत आकडा वाढला की मला वाटायचं मी तुझ्याजवळ येतोय. तू घरात पडद्यामागे एकटी पडून छताकडे बघत असशील, हे त्या वहीत कुठे लिहायला रकाना नव्हता.

ऑगस्टनंतर तू माहेरी शिंदखेड्याला गेलीस. मी दोन महिने त्या हॉटेलकडे फिरकलो नाही. भुसावळच्या गाडीत उभं राहून यायचो, पण घरी धुळ्याला यायचोच. मग दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं. का, ते सांगतो. आकडा अर्धवट सोडला असता तर आधीच्या सगळ्या रात्री वाया गेल्या असत्या, आणि त्यातली एक रात्र वाया गेली असं कबूल करणं मला जमत नव्हतं. साठावा मुक्काम जानेवारीच्या एकोणतीस तारखेला झाला. जीवरामने पेढा दिला. मी खोलीत गेलो आणि दोन्ही खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात हिलालने आणून दिलं. तू लिहिलंस की मनात काही ठेवू नका, कामावर असलेल्या माणसाचा काय दोष, डॉक्टर म्हणाले की कोणी जवळ असतं तरी चौथ्या महिन्यातलं ते थांबलं नसतं. लिहिलंस की पाडव्याला येते. ते पत्र मी खिशात घेऊन फिरतो. आबांनी वाचलं, मायने वाचून घेतलं, बेबाबाईंनी डोळे पुसले. सगळे म्हणतात गिरधर नशीबवान आहे, बायको समजूतदार मिळाली. या शब्दाने मला अन्न जात नाही. तू मला ज्याची माफी दिलीस ते मी केलेलंच नाही आणि जे केलं ते तुला माहीत नाही. असं असताना तू पाडव्याला येशील, सही करशील, विमानात माझ्या शेजारी बसशील, आणि मुंबईच्या टेबलाशी आपण समोरासमोर जेवू. इतके महिने मी जे मागत होतो ते सगळं मिळेल आणि मला मान वर करता येणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. फॉर्मवर सही कर किंवा फाडून टाक, मी त्याबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. पाडव्याचंही तूच ठरव. आबांना काय सांगायचं ते माझं मी बघीन.

श्रावणात घरी बसवलेल्या कानबाईचं विसर्जन सोमवारी झालं. मंगळवारी, आठ ऑगस्टला, मी जळगावला निघालो तेव्हा तू दारात उभी होतीस, कंबरेवर हात होता. तू विचारलंस, "सांजले येशात ना?" मी म्हणालो, काम संपलं तर येतो. काम तीन वाजता संपलं. मी स्टँडवर गेलो. साडेतीनची धुळ्याची गाडी लागलेली होती, खिडकीजवळची जागा रिकामी होती, मी एक पाय पायरीवर ठेवला होता. मग मनात आलं की ऑगस्ट आहे, एका रात्रीचे दोन धरतात. मी पाय काढून घेतला. ती गाडी सहाला धुळ्यात पोचते. तुला सातला त्रास सुरू झाला. बेबाबाईंनी तुला रिक्षात घातलं, शेठच्या घरी फोन लावला, पण मी कुठे उतरतो हे शेठलाही माहीत नव्हतं, कारण मी कोणालाच कळू दिलं नव्हतं. बेबाबाई सांगतात, तू सारखी विचारत होतीस, आले का. मी तेव्हा वहीत सदतीस आणि अडतीस लिहीत होतो. सकाळचा नाश्ता त्या हॉटेलात खोलीच्या भाड्यातच असतो, तो मी कधी सोडत नसे. त्या सकाळी मी पोहे दोनदा घेतले. धुळ्याला घरी आलो तेव्हा कळलं, आणि अकराला दवाखान्यात पोचलो. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, माझी पावलं ऐकून वळलीस. मला वाटलं तू विचारशील, कुठे होतात. तू विचारलंस, "जेवनात का काही?" मी नाही म्हणालो. तू तुझ्या मायला सांगितलंस की माझ्यासाठी आणलेली भाकरी त्यांना दे, ते उपाशी आले आहेत. मी ती घेतली, मंदा. तू बघत होतीस, म्हणून सगळी खाल्ली.

अजून तुझाच,
गिरधर